न झालेल्या ताऱ्यांचा हिशेब

डिसेंबर सरत आला की नारायणगावच्या मळ्यात मामा हुरड्याची आगटी लावतात, आणि त्या आगटीभोवती दरवर्षी एक भांडण होतं. मागच्या खेपेला टोमॅटोच्या भावावरून झालं, त्याआधी तमाशा पूर्वीसारखा राहिलाय का यावरून. यंदा दीर्घिका कशा घडतात यावरून झालं. भांडणारे नेहमीचेच, मामा आणि माझी धाकटी बहीण सई. मी मधे बसून गूळ-शेंगदाणे संपवत होतो.

मामांनी 26 वर्षं खोडदला, जीएमआरटीच्या रेडिओ दुर्बिणीवर काढली. शास्त्रज्ञ म्हणून नव्हे. ते मेकॅनिकलकडे होते. 45 मीटर व्यासाच्या डिशवर चढायचं, सैल पडलेली जाळी ताणायची, गिअरबॉक्स बघायचा, वारा चढला की डिशचं तोंड सरळ आभाळाकडे करून ठेवायचं. अशा 30 डिश. शास्त्रज्ञांबरोबर चहा पिता पिता जे खगोलशास्त्र कानावर पडलं, ते मात्र त्यांच्या डोक्यात वेल्डिंग केल्यासारखं पक्कं बसलंय. सई क्ष-किरणवाली. परदेशात पोस्टडॉक करते आणि चंद्रा, एक्सएमएम-न्यूटन असल्या अवकाशातल्या दुर्बिणींचा डेटा चाळत बसते. चंद्रा हे नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांवरून ठेवलेलं, हे तिने मामांना सांगितलं होतं. मामा म्हणाले होते, "नाव चांगलं आहे. कामाचं बघू."

वादाला तोंड सईनेच फोडलं. उत्तरेकडे मान वर करून ती म्हणाली, "तो बघा ययाती. त्यातला तो अल्गोल. त्याच्या थोडं पूर्वेला माझं दुकान."

तिथे डोळ्यांना काळोखाखेरीज काही दिसत नव्हतं. असतो तो 24 कोटी प्रकाशवर्षं लांबचा एक दीर्घिकासमूह. शेकडो दीर्घिका एकमेकींच्या गुरुत्वाकर्षणात अडकलेल्या, आणि मधोमध एनजीसी 1275 नावाची एक भलीमोठी दीर्घिका.

"त्या दुकानात विकता काय?" मामांनी विचारलं.

"दीर्घिका कशा घडल्या ते."

"मग दुकान चुकलं तुझं." मामांनी गोवरीचा एक तुकडा आत सारला. "दीर्घिका म्हणजे तारे. तारे होतात थंड वायूपासून, थंड हायड्रोजनपासून. तो बोलतो 1420 मेगाहर्ट्झवर, 21 सेंटिमीटरच्या लाटेत, आणि ती ऐकायला आमच्या डिश आहेत. तुझे क्ष-किरण येतात कुठून? कोट्यवधी अंश तापलेल्या वायूतून. त्या आचेत तारा जन्मतो का? नाही. मग घडण्याचा अभ्यास कसला? हे म्हणजे धुराड्यातून निघणारा धूर बघून आत भाकरी कशी थापली ते सांगणं झालं."

मला हा मुद्दा बिनतोड वाटला. सई मात्र हसली. असा वार तिने आधीही झेललेला असावा.

"मामा, भाकरी कशी थापली हा माझा प्रश्नच नाही. परात भरून पीठ मळलेलं आहे, चूल पेटलेली आहे, आणि भाकऱ्या झाल्यात दोन. बाकीच्या का नाही झाल्या, ते मला हवंय."

मग तिने हिशेब मांडला. काळं द्रव्य बाजूला ठेवू, ते काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही. आपल्या ओळखीचं जे साधं द्रव्य, अणूंचं, त्यातलं अशा मोठ्या समूहात ताऱ्यांमध्ये किती असतं? अगदी थोडं. समूहातल्या सगळ्या दीर्घिकांचे सगळे तारे तराजूत टाकले, तरी त्यांच्या पाच-सहा पट भरेल इतका वायू दीर्घिकांच्या मधल्या मोकळ्या जागेत पसरलेला आहे. विरळ इतका, की एखाद्या डब्यात भरून इथे आणला तर आपण त्याला निर्वात म्हणू. तापमान मात्र काही कोटी अंश. साध्या दुर्बिणीला तो दिसत नाही, आणि त्याचे क्ष-किरण आपल्या हवेतून खाली उतरत नाहीत.

"उतरत नाहीत ते बरंय," मामी म्हणाल्या. त्या चटणीचा वाडगा घेऊन आल्या होत्या.

म्हणून 1962 साली रिकार्डो जकोनी आणि त्यांच्या साथीदारांनी रॉकेटच्या टोकाला उपकरण बसवून काही मिनिटांपुरतं हवेच्या वर पाठवलं, आणि सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत हाती लागला. या कामाचं नोबेल त्यांना 2002 मध्ये मिळालं. 1970 च्या डिसेंबरात केनियाच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रातल्या फलाटावरून उहुरू हा उपग्रह उडाला. उहुरू म्हणजे स्वाहिलीत स्वातंत्र्य. दीर्घिकासमूहच्या समूह क्ष-किरणांत उजळलेले असतात, हे त्याने दाखवलं. तोवर जे लोक दीर्घिका मोजत होते ते भाकऱ्याच मोजत होते. परात कुणी पाहिलीच नव्हती.

"आरसे कसले वापरता?" मामांनी मधेच विचारलं. सिद्धान्तापेक्षा त्यांना यंत्रात जास्त रस, हे आम्हाला ठाऊक आहे.

इथे दोघंही खुलले. खोडदची डिश म्हणजे स्टीलच्या तारांची जाळी. तिच्या भोकांतून बोट आरपार जातं, पण मीटरभर लांबीच्या रेडिओलहरीला ती भोकं जाणवतसुद्धा नाहीत. तिच्या लेखी तो लख्ख आरसाच. क्ष-किरणाचं उलट. त्याची लहर अणूच्या मापाची, त्यामुळे समोरून आरशावर आदळला तर तो परततच नाही, आत घुसतो. विहिरीच्या पाण्यावर चपटा दगड तिरपा भिरकावला की टप्पे घेत जातो, तसा क्ष-किरण अगदी निसटत्या कोनात यावा लागतो. म्हणून चंद्राचे आरसे ताटासारखे नाहीत. तळ नसलेली पिंपं एकात एक बसवावीत तसे ते आहेत. चार जोड्या, सगळ्यात मोठ्या पिंपाचा व्यास 1.2 मीटर, वर इरिडियमचा मुलामा. पृष्ठभाग इतका घोटलेला की खडबडीतपणा मोजायचा तो अणूंच्या पदरांत.

"घोटला कुणी?" मामांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच आदर आला. तो पुढे फार टिकला नाही.

"बरं, परातभर पीठ आहे," ते म्हणाले. "पण ते गरम आहे. निवलं की तारे होतील. त्यात कोडं काय?"

"निवत नाही, हेच कोडं."

क्ष-किरण बाहेर पडताहेत म्हणजे वायू रोज उष्णता गमावतोय. समूहाच्या मध्यभागी तो जरा दाट, म्हणून तिथे ही गळती जोरात. ययाती समूहाच्या गाभ्यातला वायू एक अब्ज वर्षांच्या आत थंड व्हायला हवा, आणि समूहाचं वय त्याहून कितीतरी जास्त. गणित सांगतं, असल्या समूहाच्या मध्यात दरवर्षी शेकडो सूर्यांइतका वायू निवून खाली बसला पाहिजे आणि त्याचे तारे झाले पाहिजेत. आपल्या आकाशगंगेत वर्षाला एखाद-दोन सूर्यांइतके होतात. एनजीसी 1275 मध्ये नवे तारे आहेत, पण गणिताच्या जवळपास पोचतील एवढे मुळीच नाहीत. सुरुवातीला लोक म्हणायचे की थंड झालेला वायू कुठेतरी लपला असेल. एक्सएमएम-न्यूटनने 2001 च्या सुमारास अशा समूहांचे वर्णपट बारकाईने तपासले. वायू निवत असता तर वाटेत मधल्या तापमानांवर त्याने आपल्या खुणा सोडल्या असत्या. ठरावीक लोहरेषा दिसायला हव्या होत्या. त्या जवळजवळ नव्हत्याच.

"म्हणजे तुमचं गणित चुकलं."

"चुकलं म्हणून तर पोट भरतंय आमचं. कुणीतरी खालून जाळ घालतंय, मामा. पुराणातल्या ययातीला उसनं का होईना तारुण्य मिळालं. या ययातीला ते कुणीतरी मिळू देत नाहीये."

हा कुणीतरी म्हणजे मधल्या दीर्घिकेच्या पोटातलं कृष्णविवर, असं सईचं आणि तिच्या बहुतेक व्यवसायबंधूंचं मत. चंद्राने काढलेल्या ययाती समूहाच्या चित्रात चमकणाऱ्या वायूत काळे पोकळ फुगे दिसतात. कृष्णविवराने बाहेर फेकलेल्या झोतांनी वायू बाजूला सारून ते केलेत. त्यांच्याभोवती पाण्यावर उठाव्यात तशा लाटा दिसतात, दोन लाटांमध्ये सुमारे 30,000 प्रकाशवर्षं. अँड्र्यू फेबियन यांच्या गटाने 2003 मध्ये त्यांचा सूरही काढला. बी-फ्लॅट, म्हणजे आपल्या पेटीवरची काळी पाच, पण मधल्या सप्तकाच्या 57 सप्तकं खाली. एक आंदोलन पुरं व्हायला सुमारे एक कोटी वर्षं लागतात.

"गोष्ट छान आहे," मामा म्हणाले. "भजनीमंडळाला सांग. मला एवढंच सांग, कृष्णविवर केवढं आणि वायू पसरलाय केवढ्यात? मेणबत्तीने मंगल कार्यालय तापवायचं कसं? फुगा दिसला म्हणजे ढकलाढकली दिसली. ऊब कशी पोचली ते कुणी पाहिलंय?"

सई जरा वेळ बोलली नाही. एक कणीस आगटीतून ओढून, फुंकून, तळहातावर चोळत राहिली. कोवळे दाणे सुटे होऊन ताटलीत पडत होते. मग तिने स्वतःच्याच विरुद्ध साक्ष काढली, हे मला तिचं आवडलं.

जपानने 17 फेब्रुवारी 2016 ला हितोमी नावाची दुर्बीण सोडली. तिचं मुख्य उपकरण निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या विसाव्या भागाइतकं थंड ठेवलेलं. एकेका क्ष-किरणाने किती उष्णता दिली हे ते मोजायचं, त्यामुळे वायू किती वेगाने घुसळतोय हे लोहरेषेच्या रुंदीवरून थेट कळणार होतं. ती ययातीकडे वळवली. आकडा आला सेकंदाला 164 किलोमीटर. ऐकायला मोठा वाटतो, पण त्या वायूत ध्वनीच सेकंदाला हजारेक किलोमीटरने धावतो. म्हणजे गाभा अपेक्षेपेक्षा फारच निवांत निघाला. 26 मार्चला नियंत्रणातल्या चुकीने दुर्बीण स्वतःभोवती गरगरली आणि मोडली. वाचलेला डेटा थोडाच, पण त्यातल्या त्या एका आकड्यावर आजही लोक भांडतात.

"बघ!" मामांनी गुडघ्यावर थाप मारली. "ढवळणारा आहे म्हणता आणि ताक तर थरथरत पण नाहीये."

"तेवढी घुसळण गळती भरून काढायला पुरू शकते, जर ती जागच्या जागी उष्णतेत बदलत असेल तर. पण ती लांबवर पोचायची नाही. लाटांनी पोचत असेल, फुगे वर चढताना पोचत असेल. एक उत्तर नाही, कबूल."

"आणि कॉम्प्युटरवर विश्वं बनवतात त्यात हे कसं घालता? उत्तर माहीत नाही आणि घालता मात्र सगळे."

सईकडे याला उत्तर होतं, आणि माझ्या मते त्या रात्रीचं ते सगळ्यात चांगलं उत्तर. संगणकातल्या विश्वात कृष्णविवराचा जोर किती ठेवायचा याची एक खुंटी असते, ती पिळूनच बसवतात, हे तिने नाकारलं नाही. 2014 मध्ये इलस्ट्रिस नावाचं असंच एक मोठं आभासी विश्व तयार झालं. दीर्घिकांतले तारे प्रत्यक्षाशी बऱ्यापैकी जुळत होते. चित्रं इतकी देखणी की सगळीकडे छापून आली. पण कृष्णविवराचा तडाखा एवढा ठेवलेला की लहान समूहांमधला गरम वायू पार बाहेर उधळला गेला. क्ष-किरण दुर्बिणींना तर तो तिथे आहे असं दिसत होतं. ताऱ्यांचा जमाखर्च जुळला, वायूचा बोंबलला. पुढच्या आवृत्तीत, इलस्ट्रिस-टीएनजीमध्ये, कृष्णविवराची वागणूक नव्याने लिहावी लागली.

"तारे जुळवणं सोपं असतं, मामा. खुंटी पिळा, जुळतात. ज्याचे तारे झाले नाहीत त्या वायूत चोरी पकडली जाते."

"मग आता वायू जुळवायला खुंटी पिळतील."

"पिळतात."

"मग?"

"मग आम्ही तिसरं काहीतरी मोजतो. लोखंड."

लोखंडाची ही गोष्ट माझ्यासाठी नवी होती. या गरम वायूत लोखंड आहे, आणि लोखंड ताऱ्यांच्या पोटात आणि स्फोटांतच बनतं. म्हणजे हा वायू कधीतरी दीर्घिकांच्या अंगणातून जाऊन आलाय. सुझाकू या जपानी दुर्बिणीने ययाती समूहात मध्यापासून पार कडेपर्यंत वेगवेगळ्या दिशांनी लोखंडाचं प्रमाण तपासलं. 2013 मध्ये निकाल छापून आला. कडेलगत कुठेही बघा, सूर्यात जेवढं असतं त्याच्या साधारण तिसरा हिस्सा. सगळीकडे सारखंच.

"मीठ पिठात घातलं की प्रत्येक घासाला सारखं लागतं," सई म्हणाली, "आणि भाजल्यावर भाकरीवर भुरभुरलं तर एक घास खारट, एक अळणी. हे पिठात घातलेलं आहे. समूह गोळा होण्याआधी, 10 अब्ज वर्षांपेक्षाही आधी, कोवळ्या दीर्घिका आपलं लोखंड सगळीकडे उधळत होत्या. दीर्घिका लहानपणी कशा वागत होत्या, हे कळायला मला त्यांचे तारे बघावे लागले नाहीत. तुम्ही ज्याला धूर म्हणता ना, त्याची चव घेऊन कळलं."

मामा यावर काही बोलले नाहीत. कणीस चोळत राहिले. मामीच म्हणाल्या, "मीठ पिठातच घालतात गं." तो मुद्दा तिथे मिटला.

पण मामा असे सुटू देणारे नव्हेत. वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं होतं, सर्वांत दूरचं कृष्णविवर सापडलं म्हणून. सईने खुलासा केला. 2023 मधली यूएचझेड1 ही दीर्घिका. महास्फोटानंतर अवघ्या 47 कोटी वर्षांनी निघालेला तिचा प्रकाश, वाटेतल्या एका जड दीर्घिकासमूहाने भिंगासारखा मोठा करून दाखवलेला. जेम्स वेब दुर्बिणीला तारे दिसले, चंद्राला क्ष-किरण. त्यावरून कृष्णविवराचं वस्तुमान निघतं एक ते दहा कोटी सूर्यांइतकं, म्हणजे त्या दीर्घिकेच्या सगळ्या ताऱ्यांच्या तोडीचं. आपल्या आसपासच्या दीर्घिकांत ते ताऱ्यांच्या हजाराव्या भागाएवढं असतं. प्रियंवदा नटराजन यांनी असं एखादं सापडेल हे काही वर्षं आधी मांडून ठेवलं होतं. तारे मरून होणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांपासून सुरुवात केली तर इतकं मोठं व्हायला वेळच पुरत नाही. वायूचा प्रचंड ढग सरळ कोसळून मूळ बीजच मोठं पडलं असलं पाहिजे.

"क्ष-किरण किती मोजले?" मामांनी विचारलं.

"वीसेक."

"वीस हजार?"

"वीस. दोन आठवड्यांहून जास्त टक लावून."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सईला मी बिघडवलंय.

"मीही यावर घर बांधत नाही," सई म्हणाली. "पण आमच्याकडे फोटॉन एकेक करून येतात, वेळेसकट आणि ऊर्जेसकट. वीस जणांची साक्ष कमी असली तरी प्रत्येकाचं नाव-गाव लिहिलेलं असतं."

आता आगटी राखेखाली लालसर धुमसत होती आणि थंडी पाठीला लागायला लागली होती. सईने तेव्हा खोडदचं नाव काढलं. मला वाटतं, ते तिने मुद्दाम शेवटपर्यंत राखून ठेवलं होतं.

भुजंगधारी तारकासमूहात, जो या दिवसांत सूर्याच्या आसपास असल्याने दिसत नाही, 39 कोटी प्रकाशवर्षांवर आणखी एक दीर्घिकासमूह आहे. 2016 मध्ये नॉर्बर्ट वर्नर आणि सहकाऱ्यांना चंद्राच्या चित्रात त्याच्या गरम वायूला एक आत वळलेली कड दिसली, कुणी काठावरून घास तोडावा तशी. ही कृष्णविवराने केलेल्या फुग्याची भिंत असेल का, असा विचार त्यांनी केला आणि सोडून दिला. एवढा फुगा करायला लागणारी ऊर्जा त्यांना अशक्य वाटली. 2020 मध्ये सिमोना जाचिंतुच्ची यांच्या गटाने तीच जागा रेडिओत बघितली. ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन दुर्बिणीचा डेटा, आणि खोडदचा. कडेच्या अलीकडे क्ष-किरण वायू, पलीकडे सगळी पोकळी रेडिओ उजेडाने भरलेली. फुगाच होता. आपल्यासारख्या 15 आकाशगंगा एका ओळीत बसतील एवढा, आणि तोवरच्या सगळ्यात मोठ्या उद्रेकाच्या पाचपट ऊर्जेचा.

"आमच्या डिशने?" मामांनी विचारलं.

"तुम्ही जाळी ताणलेल्या डिशने."

मामा दोन क्षण गप्प राहिले आणि मग अगदी मामांसारखे वागले. "मग माझंच खरं झालं की. रेडिओने बघेपर्यंत तुमच्या लोकांना स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता."

"आणि ती कड दिसली नसती तर तुमच्या रेडिओतला तो डाग कशाचा, हे कोण सांगणार होतं? किती वायू सरकवला, किती जोर लागला, हा हिशेब रेडिओत होतच नाही. तो गरम वायूवरून होतो."

"हिशेबनीस तुम्ही. मालक आम्हीच."

यात कुणी हरलं असं मला वाटलं नाही. धुराची उपमा मामांनी मागे घ्यायला हवी होती, ती त्यांनी घेतली नाही. ऊब कशी पोचते याचं उत्तर सईकडे नव्हतं, ते तिने आहे असं भासवलं नाही.

"हितोमीनंतर दुसरी पाठवली की नाही?" मामांनी उठता उठता विचारलं.

"पाठवली. एक्सरिझम, सप्टेंबर 2023 मध्ये. तसंच थंड उपकरण. चाललंय उत्तम. फक्त उपकरणापुढची झडप उघडत नाहीये. तिच्यात बेरिलियमची पातळ खिडकी आहे, पाव मिलिमीटरची. जोरकस क्ष-किरण आरपार येतात, सौम्य अडतात. आणि निवणाऱ्या वायूच्या ज्या रेषा आपण मघापासून शोधतोय, त्या सगळ्या सौम्य भागात."

मामा परत खाली बसले.

"उघडत नाही म्हणजे? जाम झालीय की अर्ध्यात अडकलीय?"

"बंदच आहे. बऱ्याचदा प्रयत्न केले."

"थंडीने आकसली असेल. तापवून बघितली?" मामांनी एक काडी घेतली आणि आगटीच्या कडेच्या राखेत झडप काढायला लागले. सई त्यांच्या शेजारी सरकली. तिने काडी हातातून घेऊन खिडकी कुठे आहे ते दाखवलं, मामांनी ती पुसून पुन्हा काढली. दहा मिनिटं दोघांपैकी कुणीही दीर्घिकेचं नाव घेतलं नाही.

"किती उंचावर आहे?" मामांनी शेवटी विचारलं.

"साडेपाचशे किलोमीटर."

"शिडी पुरायची नाही," मामा म्हणाले, आणि आगटीतलं विसरलेलं कणीस त्यांनी ओढून काढलं. ते एका अंगाने पार जळलं होतं.